बिनइंजिनाचं विमान आणि भारीतला गॉगल

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मध्ये व्यत्यय नको. मी आयुष्यात एकदाच विमानात बसलो. तेही बिनइंजिनाच्या. आणि ते विमान मी माझ्या दोन हातांनी धरून सुखरूप खाली आणलं! निदान जमिनीला चाक लागेपर्यंत माझी तशी प्रामाणिक समजूत होती.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा हिवाळा असेल. मी सुरतेत बँकेत होतो, राहायला भेस्तानला. आमच्या सुमनचा धाकटा भाऊ विलास हजिऱ्याकडे एका कारखान्यात इंजिनियर. मुलगा सालस, पगार चांगला, सुपारीचंही व्यसन नाही. एकच खोड. सुट्टी मिळाली की हा ग्लायडर उडवायला जायचा. ग्लायडर म्हणजे लांब पंखांचं, इंजिन नसलेलं विमान. वारा नेईल तिकडे जायचं असं मी लोकांना सांगायचो, आणि विलास दर वेळी कळवळून म्हणायचा, "भाऊजी, तसं नसतं हो!"

या खोडीपायी त्याचं लग्न जमत नव्हतं. बोलणी रंगात यायची, मग कुणीतरी विचारायचं, "मुलाला छंद काय?" की संपलं.

शेवटी स्थळ आणलं मी. गोडादऱ्याचे अभिमन आप्पा. मूळचे धुळ्याकडचे, सुरतेत येऊन स्वतःचे कापड विणायचे लूम टाकलेले. त्यांची संगीता शाळेत शिकवायची. मुलामुलीनं एकमेकांना पसंत केलं, आप्पांनी पेढा तोंडाजवळ नेला, आणि तेवढ्यात विलास, प्रामाणिक गाढव, स्वतःच म्हणाला, "मी ग्लायडर उडवतो."

पेढा परत ताटलीत.

"इंजिन नही शे?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"मंग वर काय धरीसन बसतोस?"

विलासनं गरम हवा कशी वर चढते ते समजावलं. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझा लूम बंद पडला तर जागेवर बंद पडतो. तुझं बंद पडलं तर? अशा पोऱ्याले मी पोर नही देणार."

संगीताचे डोळे भरले. विलास जमिनीकडे बघायला लागला. आता मध्यस्थ म्हणून मी गप्प बसेन? मी म्हणालो, "आप्पा, एकदा डोळ्यांनी बघा तरी! पुढच्या आठवड्यात त्याच्या क्लबाचं शिबिर आपल्याच सुरतेजवळच्या धावपट्टीवर आहे. त्यात माणूस झोपाळ्यात बसल्यासारखा बसतो."

"तुम्ही बसले?"

"बसणार आहे!" माझ्या तोंडून गेलं.

"बसा मंग. तुम्ही बसा, मी खालून बघतो. मग ठरवू."

झालं. विलासचं लग्न आता माझ्या बुडाखाली आलं होतं.

दुसऱ्या दिवशी विलास घरी आला तेव्हा मी चौटा बाजारात निघालो होतो. तो म्हणाला, "भाऊजी, जाताच आहात तर मला एक गॉगल बघाल? माझ्याची काडी तुटलीय. साधा तपकिरी काचेचा, काडी बारीक. भारी नको हं. पोलरॉइड तर अजिबातच नको."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ काय घ्यायचा? बायकोचा भाऊ "भारी नको" म्हणतो! आमच्याकडे हाच मुलगा "अर्धा कप" म्हणतो तेव्हा सुमन कप काठोकाठ भरते. "पोळी नको" म्हणतो तेव्हा दोन वाढते, आणि तो खातो. नावानिशी नको म्हणाला, म्हणजे नेमकं तेच मनात आहे! बिचारा किती संकोचतो, असं वाटून मला गहिवरून आलं.

शिवाय गॉगलातलं मला कळत नाही असं थोडंच होतं? सुरतेत उत्तरायणाला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, अख्खं गाव दिवसभर गच्चीवर असतं आणि आभाळाकडे बघत असतं. पतंग उडवणारा माणूस गॉगल कसा पारखतो? सूर्याकडे तोंड करून मांजा दिसला पाहिजे. समोरच्या पत्र्यावरची चमक डोळ्यात जाता कामा नये. मी हे वर्षानुवर्षं करत आलेलो. आभाळ तेच, डोळे तेच. पायलटला याहून वेगळं काय लागणार?

दुकानदारानं कुणासाठी हवा म्हणून विचारलं, "कोना माटे, साहेब?"

"पायलट माटे!" मी आवाज चढवून म्हणालो. आजूबाजूच्या दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. बरं वाटलं.

"पायलट माटे तो आ ज!" त्यानं काचेच्या कपाटातून मखमली डबी काढली. "पोलरॉइड छे. पाणीनी चमक, काचनी चमक, बधुं गायब!"

मी गॉगल घालून समोरच्या साडीच्या दुकानाकडे पाहिलं. खरंच की! काचेवरचं ऊन नाहीसं झालं आणि आतली साडी लख्ख दिसायला लागली. साडी बघणारी बाईपण दिसली. तीही माझ्याकडे बघत होती, पण फारशा प्रेमानं नाही. मी घाईघाईनं पैसे दिले.

शिबिराच्या दिवशी मैदानात मी डबी उघडून विलासच्या हातात ठेवली. त्याचा चेहरा जरा विचित्र झाला. मला वाटलं, भारावला.

"छान आहे भाऊजी... गच्चीवर वापरीन मी. ग्लायडरमध्ये नको."

"अरे घे रे! परका आहेस का?"

"नाही, खरंच नको." त्यानं काडीला दोरा गुंडाळलेला आपला जुनाच गॉगल डोळ्यांवर चढवला.

केवढा हा संकोच! म्हटलं, असू दे. तू नको घालूस, मी घालतो. निदान खालून आप्पांना तरी दिसेल की या घरात गॉगलसुद्धा भारीतले असतात.

मला पुढच्या जागेवर बसवलं, विलास माझ्या मागे. पट्टे आवळले. माझ्या गुडघ्यांमध्ये विमान वळवायची एक काठी होती. "तिला हात लावायचा नाही," विलास म्हणाला. वरून पारदर्शक झाकण बंद केलं, डब्यावर लावतात तसं. खाली आप्पा, सुमन आणि संगीता उभे. आप्पांच्या हातात क्लबवाल्यांनी वॉकीटॉकी दिला होता, कारण वरून धावतं वर्णन करायची कल्पना माझीच होती. बोलण्याचं बटन विलासकडे. मी तोंड उघडलं की तो दाबणार.

लांबवरच्या यंत्रानं आमच्या विमानाला अडकवलेली तार गुंडाळायला सुरुवात केली आणि आम्ही सुटलो! अगदी पतंगासारखे, नाक वर करून. मी ओरडलो, "आप्पा, झोपाळा! निव्वळ झोपाळा!" आणि दोन्ही हातांनी पट्टे घट्ट धरले.

मग एकदम 'टक्' असा आवाज झाला आणि ओढ थांबली.

खालून वॉकीटॉकीवर कुणा सुरती माणसाचा उत्साही आवाज आला, "काप्यो छे!"

पतंग कापला गेला की असंच ओरडतात. आणि कापलेल्या पतंगाचं पुढे काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलेलं होतं.

"विलास, दोरी तुटली!"

"तुटली नाही भाऊजी, मीच सोडली. आता आपण मोकळे."

मोकळे! हा शब्द आभाळात किती वाईट वाटतो म्हणून सांगू! तरी मी धीर धरला आणि काहीतरी गोड बोलावं म्हणून मान वर केली. झाकणावर रंग पसरले होते. जांभळे, हिरवे, पिवळे, तेलाच्या तवंगासारखे पट्टे. मी मान हलवली तर पट्टेही हलले. कडेला जास्त, मध्ये कमी. म्हणजे तडा कडेपासून आत येत होता!

"विलास! काच तडकतेय!"

"काही तडकत नाहीये."

"अरे, रंग दिसताहेत!"

"कसले रंग?"

याला रंगही दिसत नाहीत! माझ्या मेहुण्याची नजर गेली, आणि कधी? तर आभाळात! मी मदतीसाठी समोरच्या बॅटरीच्या छोट्या यंत्राकडे पाहिलं. त्यावर मघापासून आकडे हलत होते. मी मान कलती केली आणि आकडे गेले. पडदा काळाठिक्कर!

"यंत्रपण मेलं! विलास, सगळं गेलं! मी काच धरतो, तू खाली घे!"

आणि मी दोन्ही तळहात झाकणाला लावून ते दाबून धरलं. जीव खाऊन! घाम नाकावरून ओघळत होता, पण हात सोडला तर काच जाणार, काच गेली तर आम्ही जाणार, आणि आम्ही गेलो तर संगीताचं कसं होणार? एवढं सगळं त्या वेळी माझ्या पंज्यांवर होतं.

"भाऊजी, हात खाली घ्या."

"लग्न करायचंय ना तुला? मग गप्प विमान उतरव!"

विलासनं एक मोठं वळण घेतलं, विमान सरळ केलं, आणि ताटात वाटी ठेवावी तसं अलगद गवतावर टेकवलं. माझे हात तसेच वर. खालून सुमन आणि संगीतानं तेवढ्याच उत्साहानं दोन्ही हात हलवले. त्यांना वाटलं, मी आनंदानं टाटा करतोय.

आप्पा मात्र हात हलवत नव्हते. वॉकीटॉकी कानाला लावून ते दगडासारखे उभे होते. धावतं वर्णन त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. काच तडकल्याचं मी ओरडलो तेव्हापासून गडबडीत विलासचं बोट बटनावरून निघालंच नव्हतं.

झाकण उघडलं. विलासनं काही न बोलता माझ्या नाकावरून गॉगल काढला. "आता बघा."

रंग गेले. काच स्वच्छ. यंत्रावर आकडे आले. त्यानं गॉगल परत चढवला. रंग हजर, मान कलती केली की आकडे गायब.

"पोलरॉइडमधून हे झाकण असंच दिसतं, भाऊजी. तडा वगैरे काही नसतो. म्हणून साधा तपकिरी सांगितला होता."

"मला वाटलं, तू संकोचतोयस."

"मी? दोनदा नको म्हटलं!"

"अरे, पोळीला चारदा म्हणतोस!"

पण आता वाद घालून काय होणार? आप्पा आमच्याकडे चालत येत होते. विलासचा चेहरा उतरला. संगीता वडिलांच्या मागून येत होती, पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळून. स्थळ गेलं, आणि ते मी घालवलं, हे मैदानातल्या गवतालाही कळलं होतं.

आप्पा माझ्याकडे न बघता विलाससमोर उभे राहिले.

"हा माणूस पुढं बसीसन इतका बोंबलत होता. तुले भीती नही वाटली?"

"वाटली," विलास म्हणाला. "यांनी काठीला हात लावला असता तर."

"विमानाची?"

"विमानाची नाही वाटत, आप्पा."

आप्पांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि सुमनकडे वळले.

"ताई, असल्या माणसाले आभाळातून गुमान खाली आणतो, तो माझ्या पोरीले नक्की सांभाळी. पोऱ्या पसंत शे."

संगीताच्या बोटावरचा पदर सुटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात जोडून पुढे झालो, काही चार शब्द बोलावेत म्हणून घसा साफ केला.

आप्पांनी तळहात दाखवून मला जागच्या जागी थांबवलं. "फक्त मध्यस्थ बदला."

"बदलला!" आमची सुमन म्हणाली.