पोटातल्या वकिलाचं गाणं

मूर्तिजापूर स्टेशनावर बायकांच्या खोलीत मी फरशीवर पडले होते, पाणी गेलं होतं, आणि नवरा दाराबाहेर खंजिरी वाजवून पोटातल्या पोराला गाणं म्हणत होता. त्याला सुईण आणायला धाडलं होतं. मास्तरने घरही सांगितलं होतं, बाजारामागे, लिंबाखाली. तो दारापर्यंत गेला आणि तिथेच बसला.

त्या गाण्याला चाल नव्हतीच. ठेक्यावर भराभर बोलायचं आणि ओळीच्या शेवटी यमक ठोकायचं. हल्ली नातू मोबाईलवर असलंच ऐकवतो, त्याला रॅप म्हणतात. त्याच्या बायकोला सातवा लागलाय, तोही तिच्या पोटाकडे पाहून बोलतो. मला वाटलं होतं, हा मूर्खपणा आमच्या घरातून एकदाचा गेला.

नवऱ्याचा अमरावतीजवळ भाजीचा मळा होता. एका वकिलाच्या दारी वांगी टाकता टाकता त्याने काळा कोट पाहिला आणि मला दिवस गेल्यावर ठरवून टाकलं, पोरगा वकील. स्वतः चौथीत दोनदा बसलेला.

येशील बाळा, येशील का, काळा कोट घालशील का,
अकोल्याच्या कोर्टात उभा राहून जजले उत्तर देशील का.

अशा एकशे आठ ओळी व्हायच्या होत्या. दर गुरुवारी माझ्या पोटाशी बसून तो नव्या ओळी म्हणायचा, मी कणीक मळत असले तरी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात आई अकोल्याहून न्यायला आली. तो तिला म्हणाला, "मामीजी, गाणं अर्धं हाये. अर्धं आयकलं तर पोरगं अर्धवट निघन." सासूने मान डोलावली. लेक जन्मात पहिल्यांदा काही पुरं करत होता. आई एकटी परत गेली. गाणं नवव्यात संपलं, तेव्हा त्याने मला पॅसेंजरमध्ये बसवलं. बडनेरा सुटलं आणि कळा सुरू झाल्या.

फलाटावर संत्री विकणारी एक म्हातारी माझं कण्हणं ऐकून दाराशी आली.

"काहो दादा, बायको आत मरून राहिली अन् तुमी वाजवून राहिले?"

"मावशी, जन्मताना बापाचा शब्द कानावर पडला पाहिजे. एवढ्या दोन ओळी होऊ द्या."

"पोराचे कान बायकोच्या पोटात हायेत, अन् बायको फरशीवर हाये. सुईण कुठी राह्यते?"

त्याने हाताने दिशा दाखवली. तेवढ्यापुरता खंजिरीवरचा हात काढला. म्हातारी पाटी तिथेच टाकून गेली आणि सुईणीला घेऊन आली. तोवर डोकं दिसत होतं.

पोर बाहेर आलं ते निळं, गळ्याभोवती नाळ. सुईणीने वेढा सोडवला, पोर उलटं धरलं, पाठीवर चापट मारली, कान त्याच्या तोंडाशी नेला. बाहेर ठेका चालूच.

"त्याले गप करा वो," सुईण म्हणाली, "श्वास हाये का नाई, मले आयकू येत नाई."

संत्रीवालीने जाऊन खंजिरी त्याच्या हातातून ओढून घेतली. तो म्हणाला, "शेवटची ओळ होती." सुईणीने आणखी एक चापट मारली, आणखी एक. मग बारीक खोकल्यासारखा आवाज आला आणि पोर रडलं.

मुलगी होती. त्याने सुईणीला दोनदा विचारलं, नीट पाहिलं का म्हणून.

ती जगली. मी जगले.