दुहेरी अस्तराचा राउटर

आमच्या मामाला उघडी वस्तू बघवत नाही. धंद्याने शिंपी, दुकानातलं काम उरकलं की घरातल्या वस्तूंची मापं घेत बसतो. मिक्सरला झबलं आहे, इस्त्रीला टोपी आहे, टीव्हीच्या रिमोटला खिशाचं जाकीट आहे. मामी म्हणते, "मी जरा स्वस्थ बसले की मला धास्ती वाटते."

त्यामुळे घरात वाय-फायचा राउटर आला, तो जणू कपडे घालून घ्यायलाच. कोटातून उरलेलं लोकरी कापड, आत कापूस, दोन अँटेनांना दोन बाह्या आणि गळ्याशी बटण. मामाने तो कपाटावर बसवला आणि दोन पावलं मागे सरून बघितला. खांद्यात छान बसला होता.

उन्हाळा तापला आणि एका दुपारी मामी बहिणीशी व्हिडिओवर बोलत असताना बहीण तोंड उघडं ठेवून थिजली. मामी बराच वेळ थांबली. तिला वाटलं, बातमीच तशी असेल.

मामाने राउटरला हात लावून बघितला. "अगं, अंग तापलंय याचं."

मग सेवा सुरू झाली. घरातला एकुलता एक टेबलफॅन राउटरकडे वळला आणि दोघं नवरा-बायको घाम पुसत बसली. तरी नेट येईना. मामाने ओल्या फडक्याची घडी आणली, ती मामीने हिसकावून घेतली. "शॉक लागून मरायचंय का?" शेवटी लांब वायर जोडून राउटर फ्रिजमध्ये, भोपळी मिरच्यांच्या शेजारी बसला. दार लोटल्याबरोबर उरलीसुरली रेंजही गेली.

"मिरच्यांना मिळत असेल," मामी म्हणाली आणि तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

दुरुस्तीवाला आला. फ्रिज उघडून त्याने राउटरची एक बाही चिमटीत धरली.

"याला कपडे कोणी घातले?"

"मी," मामा म्हणाला. "अस्तर दुहेरी आहे."

"काका, या बारीक भोकांतून याची गरम हवा बाहेर पडते. तुम्ही ती बुजवलीत. काढा आधी हे."

मामाला ते जमेना. शेवटी मामीनेच बटण सोडलं. राउटर पुसून, कोरडा करून, खिडकीजवळ मोकळ्या हवेत ठेवला, तसं नेट सुरळीत झालं. बहिणीचा लगेच फोन आला आणि मामी आतल्या खोलीत गेली.

मामा अंगरख्याची घडी घालत बसला. चेहरा पडलेला. दुरुस्तीवाल्याने बाह्या उलटसुलट करून पाहिल्या.

"शिवण मात्र झकास आहे. माझी ही हत्यारांची पिशवी कोपऱ्यात फाटलीये. होईल काही?"

मामाने गळ्यातली टेप कधी काढली ते कळलंही नाही. "नवीच शिवतो. पण बटणं लावायच्या आधी एकदा ट्रायलला यावं लागेल."

"पिशवीच्या?"

"खांद्याला काचली तर नाव माझं खराब होतं."

आणि तो खरंच आला. आरशासमोर पिशवी लटकवून उभा राहिला, मामाने सांगितलं तसा वळला, आणि म्हणाला, "डावीकडे जरा सैल करा."