कोलूच्या संध्याकाळी गेलेला वॉर्ड

आमच्या घरात पक्ष हा एक जादा माणूस होता. कमवायचा काही नाही, पण पहिली कॉफी त्याला लागे, ओसरीवरच्या धड खुर्च्या त्याच्या, आणि त्याच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर अप्पा, म्हणजे माझे वडील, भरल्या पानावरून उठत. सदुसष्टच्या निवडणुकीत हा पक्ष मद्रास राज्यात सपशेल आपटला तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. मी कॉलेजात होते. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि मी त्या लपवायची फारशी तसदीही घेतली नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. तमिळ शेजारी आम्हाला रायर म्हणत. मद्रास शहरात नुंगंबाक्कमला घर, अप्पा वकील आणि वॉर्डातले पक्षाचे चिटणीस. चिटणीस म्हणजे हार घालून घेणारे. राबायची ती माझी आत्या. अप्पांची थोरली बहीण, कोवळ्या वयात विधवा होऊन माहेरी परतली ती कायमची. बेचाळीसच्या चळवळीत ती तुरुंगात जाऊन आली. अप्पा त्या वेळी परीक्षेचा अभ्यास करत होते.

कूवम नदीच्या काठाला झोपड्यांची वस्ती होती, तिला सगळे कुप्पम म्हणत. तिथल्या बायका बांधकामावर विटा वाहायच्या, फुलं विकायच्या, चार घरची धुणीभांडी करायच्या. रेशनकार्ड अडलं, पोर तापानं फणफणलं, पोलिसांनी भावाला उचललं, की त्या आत्याकडे येत आणि आत्या चपला घालून निघे. मतदानाच्या दिवशी ती सकाळीच वस्तीत जाई आणि बायकांना घेऊन केंद्रावर येई. एवढा धुव्वा उडाला त्या वर्षीसुद्धा आमच्या वॉर्डात पक्षाची लाज राखली ती कुप्पमनं, म्हणजे आत्यानं.

पराभवाचं आत्मपरीक्षण करायला पुढारी मंडळी मोटारी भरभरून मद्रासजवळच्या कोवलमला गेली. समुद्रकाठी सुरूच्या झाडांखाली बसून, कोळ्यांनी नुकतीच आणलेली मासळी खाऊन (जे खात त्यांनी, उरलेल्यांनी दहीभात) त्यांनी शोध लावला की पक्ष लोकांपासून तुटला आहे. आता महापालिकेची निवडणूक येते आहे, तिच्यापासून पक्ष पुन्हा उभा करायचा. घराघरांत शिरायचं. बायकांची मतं धरायची. नवे चेहरे द्यायचे. अप्पा परतले ते उन्हानं लाल होऊन आणि नव्या चेहऱ्यांबद्दल फारच उत्साहानं बोलत.

आत्यानं त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग पदराला हात पुसत आपल्या जुन्या तंजावरी बोलीत म्हणाली, "अरे, तर मज उभं राहायचं आहे. वॉर्डात."

तिनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलेलं ते पहिलंच. अप्पा हसले. वाईट हसले असंही नाही, लहान मुलानं चंद्र मागावा तसं हसले, आणि ते मला जास्त झोंबलं.

"अक्का, पोस्टरवर तुझा फोटो? सकाळी दार उघडल्यावर लोकांनी आधी तो बघायचा?"

आत्याला कळलं. पांढऱ्या साडीतली, बोडक्या कपाळाची बाई सकाळी समोर येऊ नये, हे तिला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. ती आत गेली. नव्या चेहऱ्यांच्या यादीत अप्पांनी स्वतःचा चेहरा दिला. तो पन्नाशीला आलेला होता आणि वॉर्डातल्या प्रत्येक भिंतीला पाठ होता.

माझा जळफळाट झाला. आत्याचा झाला नाही, किंवा तिनं तो कुणाला दाखवला नाही. ती प्रचाराला लागली. "पक्ष माझ्या भावाचा नोहो, देशाचा," म्हणायची. मी तिच्यावरही चिडायचे.

नवरात्र आलं. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडत, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि रोज संध्याकाळी बायकांना बोलावून हळदकुंकू, विडा, रवकेचं, म्हणजे पोलक्याचं, कापड आणि सुंडल, म्हणजे खोबरं घालून परतलेले हरभरे. अप्पांच्या डोक्यात कल्पना आली. एक संध्याकाळ कुप्पमसाठी ठेवायची. रायरच्या घरात, पुढच्या दारानं, बाहुल्यांसमोर त्या बायकांना बसवायचं. घराघरांत शिरण्यापेक्षा त्यांनाच घरात घ्यायचं. पक्षकचेरीला कल्पना इतकी आवडली की कापडाचे तागे तिकडूनच आले.

"बोलवायला तूच जा," अप्पा आत्याला म्हणाले.

"हळदकुंकवाचं बोलावणं मी करू?"

"हे घरचं कार्य नव्हे, अक्का. पक्षाची सभा आहे असं समज."

आत्यानं तसंच समजलं. वस्तीत फिरून दारोदार सांगून आली, "अस्के या." सगळ्या या. अप्पांच्या मनात मात्र सभा झाली तरी हळदकुंकू म्हणजे हळदकुंकूच होतं, आणि त्याला बायका म्हणजे सवाष्णी. हे त्यांनी सांगितलं नाही, कारण हे सांगावं लागतं असं त्यांना वाटलंच नाही. आमच्या लोकांना कधीच वाटत नाही.

त्या संध्याकाळी कुप्पम लोटलं. धुतलेली लुगडी, चोपून बसवलेले केस, अंबाड्यांत विकून उरलेली फुलं. आणि त्यांच्यात जवळजवळ निम्म्या बिनफुलांच्या, बिनकुंकवाच्या. त्यांचे नवरे दारूनं, परांचीवरून पडून, नाहीतर नुसत्या खोकल्यानं गेले होते. रांगेत पुढे होती ती विटा वाहणाऱ्या बायकांची मुकादम. वस्तीत तिचा शब्द चाले. तीही विधवाच.

आई पाटावर बसून कुंकू लावत होती. ती मुकादम समोर आली आणि आईचा हात करंड्यावरच थांबला. मी आईला दोष देत नाही. तिच्या हाताला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. तिनं घाबरून अप्पांकडे पाहिलं. अप्पा दारात हात जोडून उभे होते. उमेदवाराचं हसू तोंडावर तसंच ठेवून ते तमिळमध्ये म्हणाले, "ज्यांना कुंकू नाही त्यांनी मागल्या अंगणात जावं. सुंडल तिकडं मिळेल."

मोठ्यानं म्हणाले. अगदी प्रेमळपणानं. मला त्या क्षणी त्यांची किळस आली, आणि इतक्या वर्षांनी लिहितानाही ती कमी झालेली नाही.

मुकादम बाई जागची हलली नाही. "अम्मा कुठे आहेत? आम्हाला त्यांनी बोलावलंय."

"त्या स्वयंपाकघरात. त्या पुढे येत नाहीत," कुणीतरी सांगितलं.

ती घराला वळसा घालून मागे गेली. तिच्यामागून बाकीच्या विधवा. मीही आतून धावत गेले. आत्या चुलीशी होती, कढईभर हरभरे परतून तिचा चेहरा घामानं निथळत होता. मागच्या दारात त्या सगळ्या उभ्या राहिल्या. मुकादम बाईनं आत्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं.

"तुम्हालाही मागेच ठेवलंय होय, अम्मा?" ती म्हणाली. रागानं नाही. आजाऱ्याला विचारावं तसं विचारलं.

आत्यानं सुंडलचा द्रोण भरून पुढे केला. त्या बायका सुंडल न घेता निघून गेल्या. पुढच्या अंगाच्या सवाष्णींनी मात्र कापड नेलं. कापड कुणी का सोडावं? अप्पांनी रिकामे झालेले तागे पाहिले आणि संध्याकाळ झकास झाली म्हणून हात चोळले.

दुसऱ्या दिवशी आत्या त्यांच्यासमोर उभी राहिली. "कुप्पममध्ये जा आणि त्यांची माफी माग."

"माफी? अगं, कुंकू लावून अपशकुन करायला हवा होता का? आणि त्यांचं एवढं काय घेऊन बसलीस? बायका नवऱ्याचं ऐकून मत देतात. ह्यांना नवरेच नाहीत."

"म्हणून तर त्या स्वतःचं ऐकतात."

अप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी आत्याला म्हटलं, सोड आता हा पक्ष, थुंक त्याच्यावर. ती म्हणाली, "तो काय चप्पल आहे, काढून टाकायला?" पण त्या दिवसापासून ती प्रचाराला बाहेर पडली नाही. अप्पांनी विचारलं की सांगायची, गुडघे दुखतात.

मतदानाच्या सकाळी अप्पांचा धीर सुटला. "अक्का, एवढं कुप्पमच्या बायकांना तरी आण." आत्यानं चपला घातल्या. मी आ वासून बघत राहिले. इतका राग मला तिचा कधी आला नव्हता. आणि तिनं आणल्या. सवाष्णी, विधवा, म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या, सगळ्या. मुलींच्या शाळेच्या फाटकातून ती रांग आत गेली तेव्हा अप्पा पलीकडच्या मांडवात हात जोडून उभे होते आणि मला म्हणाले, "बघितलंस? रक्ताचं नातं शेवटी."

अप्पा हरले. थोडक्यात नाही. आजवर आम्हाला कधी दगा न दिलेल्या कुप्पमच्या केंद्रावर तर वाईट हरले.

जिल्ह्याचे पुढारी कारणं शोधायला आमच्या ओसरीवर जमले. अप्पा म्हणत होते, पैसे वाटले गेले, दारू वाटली गेली, कुप्पमनं विश्वासघात केला. आत्या आतून आली. परक्या पुरुषांच्या बैठकीत ती कधी येत नसे. ती आली आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसली.

"दारू नोहो," ती म्हणाली. "वाटेत त्यांनी मज विचारलं, अम्मा, कुणाला द्यायचं? मी सांगट्लं, ह्याला नको. मीही नाही दिलं."

अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "अक्का, मी तुझा भाऊ!"

"म्हणून तर तोंडावर सांगत्यें."

पुढाऱ्यांत एक मुरलेला गृहस्थ होता. त्याला अप्पांचं काही पडलं नव्हतं. एका म्हातारीच्या शब्दावर अख्खं केंद्र फिरतं एवढंच त्यानं टिपलं. खुर्ची पुढे ओढून, आवाजात मध घोळून तो म्हणाला, "अम्मा, झालं ते झालं. पक्ष पुन्हा उभा करायचाय. पुढल्या वेळी तुम्हीच उभ्या राहा. तिकीट मी आणतो."

जे तिला हवं होतं ते तिच्यासमोर आलं होतं, तेही अप्पांच्या देखत. हो म्हण, हो म्हण, असं मी मनात ओरडत होते.

आत्या खुर्चीवरून उठली.

"तुमच्या चिन्हावर?" ती म्हणाली. "त्याच्यावर मी उभी राहिले तर मीसुद्धा मज मत देणार नाही."