उंडीची जागा

"ए, टोपली लांब ठेव. गुलाबांना वास लागेल."

साहेब असं म्हणाला आणि त्याच्याभोवतीचे चौघे हसले. फुलं कुठली आलीत अजून! नुसती रोपं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. मी मासळीची टोपली लांब ठेवली.

आदल्या वर्षीच्या वादळात आमच्या वाडीतली माणसं बुडाली. त्यात माझा घोव गेला. रत्नागिरीतल्या मोठ्या लोकांना कळवळा आला. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, आमच्याच किनाऱ्यावर, बुडालेल्यांच्या नावांचा दगड उभा केला. दगडाभोवती बाग हवी म्हणाले. ती आखायला हा साहेब मुंबईहून आणला. आपल्याच मुलखातला, पण तोंड उघडलं की गोऱ्या साहेबाच्या वरताण. मला रोपांना पाणी घालायला ठेवलं. विधवेवर उपकार, दुसरं काय.

त्या दिवशी त्याने बाकावर नकाशा पसरला होता. मला अक्षर येत नाही, पण किनारा ओळखला. आमच्या उंडीच्या झाडावर लाल फुली होती. मी त्यावर बोट ठेवलं.

"सायेब, ही उंडी तोडू नका. आमचे लोक समुद्रातनं येताना ही उंडी नि टेकडीवरचं देऊळ एका रेषेत धरतात, मग होडी आत घालतात. रेघ चुकली तर होडी वाळूच्या दांड्यावर आपटते."

"झाडामुळे रस्त्यावरून दगड दिसत नाही," तो म्हणाला. "आणि आता तू मला बाग शिकवणार?"

माझ्या बोटाला तारलीचं खवलं होतं. ते कागदाला चिकटलं. पुसलं असतं तर निघालं असतं. त्याने नाकाला रुमाल लावला, तेवढा कोपरा टरकन फाडला आणि माझ्या पायाशी टाकला.

मी काय केलं? काही नाही. दोन दिवसांनी उंडी पाडली. फांद्या फुकट न्या म्हणाले, तर मीही पदर खोचला आणि भारा डोक्यावर घेतला. त्या फांद्यांवर आमचा भात शिजला. आजही सांगताना लाज वाटते.

माझा दीर तेव्हा दाभोळकडे मासेमारीला गेलेला. त्याला निरोप धाडायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. वाटलं, कोणीतरी सांगेल. वाडीत सगळ्यांनाच तसं वाटलं.

आठवड्याने तो परतला. भर दुपार, वारा वाढलेला, हवा धुरकट. मी गुलाबांना पाणी घालत होते. शीड ओळखलं. आणि बघते तर होडी भलतीकडेच वळली! पलीकडे एका बागायतदाराच्या कुंपणात दुसरी उंडी होती. तीच आपली समजून त्याने देवळाशी रेघ जुळवली.

घागर टाकून मी धावले. "भावोजी, ती नाय! ती नाय ओ! मागे फिरा!" घसा फाटला. वाऱ्यात कोण ऐकतो? दांड्यावर होडी आपटली, आडवी झाली, फुटली. दोघे खलाशी पोहून आले. भावोजी आले नाहीत.

सासूला दिसत नाही फारसं. दुसराही मुलगा गेला तेव्हा तिने मला एवढंच विचारलं, "त्याला उंडी कशी दिसली नाय गो?" मी चुलीकडे बघत राहिले.

तेराव्यानंतर कामावर गेले. साहेब जवळ आला. वाईट झालं म्हणाला. मग म्हणाला, "दगडावर अजून जागा आहे. त्याचंही नाव घालू."

अंगाची लाही लाही झाली. जागा आहे म्हणे! मेल्या, दगड भरायला मरतो काय आम्ही?

"नाव नको," मी म्हटलं. "उंडीच्या जागी डोलकाठी रोवायची."

"बागेत? शोभा जाईल."

"जाऊ दे."

फुटक्या होडीची डोलकाठी किनाऱ्याला लागली होती. वाडीतल्या बायकांनी मिळून ती उचलून आणली. साहेबाच्या गुलाबांच्या वाफ्यात, उंडीच्या उरलेल्या बुंध्याला लागून, आम्ही खड्डा खणला. माझं लग्नातलं लाल लुगडं फाडून टोकाला बांधलं. दुसऱ्या दिवशी शिपायांनी काठी उपटली. आम्ही रोवली. त्यांनी पुन्हा उपटली. आम्ही पुन्हा रोवली.

बाग उघडायला मोठे लोक यायचे होते. मला सांगावा आला: स्वच्छ होऊन ये, विधवांच्या रांगेत उभी राहा, दगडाला हार घाल. मी गेले. मासळीची टोपली घेऊनच गेले. टोपली गुलाबांत ठेवली आणि काठीला पाठ लावून बसले, मांडीवर कोयती.

साहेब धावत आला. "ऊठ इथून."

"नाय उठणार."

तेव्हा नाही उठले, पुढेही नाही उठणार. दगड तुमचा, गुलाब तुमचे. आमच्या होड्या अजून समुद्रावर आहेत, त्यांना घरी यायचंय. काठीला हात घालायचा तर आधी मला तोडा.