पेडणेकर बुवांचा आवाज जप्त झाला तेव्हा

एका शनिवारी दुपारी, अंधेरी पूर्वेला, राहत्या घरात माझ्यावर घोर अन्याय झाला. माझ्या टेपरेकॉर्डरने माझी कॅसेट खाल्ली. नवीकोरी... आणि दाद मागायला कुठलंही न्यायालय नव्हतं.

गिरण्यांच्या संपानंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मी तेव्हा एका ऑफिसात इंग्रजी पत्रं लिहिण्याचा पगार घेत होतो. लोक मला शिकलेला समजत आणि मीही त्यांना तसं समजू देत असे.

तर ती जखमी कॅसेट घेऊन मी पेडणेकर बुवांकडे गेलो. संपात त्यांची गिरणीतली नोकरी गेली. मग बायकोच्या बांगड्या मोडून त्यांनी दोन कॅसेट डेक घेतले आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली कॅसेट भरून द्यायला लागले. आपण गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी कॅसेट न्यायची. उपनगरातला प्रत्येक सज्जन माणूस हेच करायचा... त्याला आम्ही चोरी नाही, हौस म्हणायचो.

पण पेडणेकर नुसते दुकानदार नव्हते, खरेखुरे भजनी बुवा होते. त्यांनी स्वतः रचलेल्या एका भजनी गजराची कॅसेट एका कंपनीने काढली होती. बुवांना मिळाली शाल, नारळ आणि एक पातळसं पाकीट. कॅसेट कोकणात भरपूर खपली, असं आम्हाला गावाहून येणाऱ्यांकडून कळायचं. कंपनीकडून काहीच कळलं नाही.

मी पोचलो तेव्हा जिन्याखाली दोन पोलीस आणि सफारी सूटमधले एक गृहस्थ उभे होते. गृहस्थ कंपनीचे, बाहेरची गाडी कंपनीची, आणि पोलीस त्याच गाडीतून आलेले. मला हे आवडलं... निदान लपवाछपवी नव्हती.

गणपतीला गावी न्यायला बुवांनी त्या गजराच्या कॅसेट स्वतः भरल्या होत्या. मंडळाच्या लोकांना फुकट वाटायला. सफारीवाले त्याच उचलून म्हणत होते, "ये सब डुप्लिकेट है."

"साहेबांनू, ह्यो माझोच आवाज आसा," बुवा म्हणाले. "माझोच आवाज मी कसो चोरतलंय?"

सफारीवाल्यांनी शांतपणे एक कागद काढला. खाली बुवांची सही. बुवांनी तो माझ्या हातात दिला. "सबनीसांनू, जरा वाचून सांगा मां. ही शाल मिळाल्याची पावती."

मी वाचला. पावती नव्हती. शब्द, चाल, आवाज, सगळं कायमचं कंपनीला दिलं, असं दोन पानं इंग्रजीत लिहिलं होतं. मी कसंबसं सांगितलं. बुवा खाली बसले... आणि हवालदार पुढे झाले.

"ओ मिस्टर, शिकलेले दिसता. पंच म्हणून सही करा. पाच मिनिटांचं काम."

पंच म्हणजे जप्ती आपल्या डोळ्यांदेखत झाली असं लिहून देणारा तिऱ्हाईत माणूस. दुसरा पंच कंपनीचा ड्रायव्हर होता, म्हणजे तिऱ्हाईतपणाची सोय झालेलीच होती. पंचनामाही घरून लिहून आणलेला. त्यात कॅसेटचा आकडाही होता, हे मला पुढे कोर्टात कळलं... एकही कॅसेट मोजली नव्हती तरी.

ढिगात मी भरायला दिलेल्या दोनही होत्या, वर बुवांच्या टपोऱ्या अक्षरात माझं आडनाव. तेवढं एक मी वाचलं. बाकी काही न वाचता सही केली आणि सटकलो.

डेक गेले. बुवा जिन्याखाली छत्र्या दुरुस्त करू लागले. वकिलाने सांगितलं, केस संपेपर्यंत तो गजर चारचौघांत गाऊ नका. त्या गणपतीत बुवांनी दुनियेचे गजर म्हटले, स्वतःचा सोडून. बायका फर्माईश करायच्या, बुवा मान हलवून दुसरंच धरायचे.

मला रोज दिसायचे. "काय सबनीसांनू, आज लवकर?" इतकंच. सहीबद्दल एक अक्षर नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने झोपलो असतो.

दोन वर्षांनी मला कोर्टाचं समन्स आलं. ऑफिसातला मित्र म्हणाला, "जाऊ नको यार, आजारी पड. तारखांत वाट लागेल." सफारीवाले घरी येऊन गेले, फार अदबीने. सही तुमचीच आहे, एवढं बोला म्हणाले.

तेवढं मी बोललो. मग बुवांच्या वकिलाने विचारलं, कॅसेट तुमच्यासमोर मोजल्या? म्हटलं, नाही. वाजवून पाहिल्या? नाही. पंचनामा वाचला होता? तोही नाही. आणि त्यातल्या दोन कॅसेट माझ्या होत्या, हे कोणी न विचारताच सांगून टाकलं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "शिकलेले आहात ना तुम्ही?"

"हो साहेब. घाबरलो होतो."

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवलं. आयुष्यात मिळालेली ही एकच पदवी मी मन लावून मिळवली.

पुढे बुवा सुटले. डेक परत आले, त्यात झुरळं नांदत होती. गजर मात्र कागदोपत्री अजून कंपनीचाच आहे... म्हणजे कंपनी उरली असेल तर. पण त्या वर्षी गणपतीत बुवांनी तो म्हटला. कोणी आलं नाही पकडायला.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या उतरताना बुवा म्हणाले, "तुमची रजा फुकट गेली मां." मी म्हटलं, "चला बुवा, दोन वाजले, जेवून घेऊ." दोन वर्षं ते मला सहीबद्दल काहीच बोलले नाहीत, त्याचे आभार त्या दिवशी मानायला हवे होते... ते राहिले. आज इथे मानतो.