सांजची गिनती

जेलात नोकरी केली म्हटलं, की लोक चहा टाकतात आणि खुर्ची ओढून बसतात. किस्से सांगा म्हणे! अहो, तेव्हा हसू कुठलं! बायकांच्या बराकीवर शिपाई होते मी. सांजच्याला गिनती जुळल्याशिवाय बराकीला कुलूप नाही, आणि कुलूप लागल्याशिवाय आम्ही घरी नाही. एक बाई कमी भरली, की आमची नोकरीच गेली समजा.

*

आमच्या जमादारीण रझिया आपा. निजामाच्या वेळी लागलेल्या. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, साहेब बदलले. आपांची गिनती मात्र उर्दूतच! एकदा एक कमी भरली. तीनदा मोजलं, तरी कमीच. आपा भिंतीला टेकल्या. "या अल्ला, गई मेरी पेन्शन!"

शेवटी बघतो तर कैदी गोदाआजी घोंगड्यांच्या ढिगाखाली घोरत होती. आपा ओरडल्या, तर म्हातारीच तडकली, "पळून कुठं जाऊ? घरी सून हाय!"

*

पुढं एकदा उलटंच, एक जास्त! एक बाळंतीण घाटीच्या दवाखान्यातून परत आली. ऊन उतरलेलं, गिनती खोळंबलेली. आणि फाटकावरचा शिपाई अडून बसला. "गेली एक, आल्या दोन. दुसरीचं वॉरंट कुठंय?"

दुसरी चार दिवसांची, दुपट्यात गुंडाळलेली! आपांनी ती त्याच्याच हातात ठेवली. "लो, तुम्हीच तपासा." पोरीनं त्याचा गणवेश भिजवला, तेव्हा कुठं फाटक उघडलं.

*

सुमन नावाची कैदी होती, तिची मुन्नी वर्षाची असताना कडेवर आत आली. पोरीचा खेळ एकच. आमच्यासारखं बायकांना जोडीजोडीनं बसवायचं आणि मोजायचं. "हलू नगा गं, आकडा चुकंल!" माझ्याहून कडक!

एकदा तिला डॉक्टरकडं नेत होते. क्रांती चौकात रिक्षा थांबली. ती गर्दी बघून पोर मला घट्ट बिलगली. "बाई, एवढ्यांची गिनती कोण करतं?"

*

लेकरू सहा वर्षांचं झालं, की आत ठेवता येत नाही. सुमनची शिक्षा मोठी, भेटीला काळं कुत्रंही फिरकत नव्हतं. मुन्नीला नेणार कोण? मी दिसेन तिथं सुमन माझा हात धरायची. "बाई, कागदावर एक वरीस कमी लिवा ना." माझ्या हातात काय होतं हो? शेवटी बालगृहाचा कागद आलाच.

*

पोचवायला मीच गेले. निघताना सुमननं मुन्नीची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. आपासुद्धा तोंड फिरवून उभ्या.

बालगृहाच्या बाई लई मायाळू. मुन्नीला त्यांनी दूध दिलं, शेजारी मैत्रीण बसवली. माझा जीव जरा भांड्यात पडला. दिवेलागणीला त्या दार लावायला उठल्या, तशी मुन्नी ताडकन उभी राहिली. सगळ्या पोरींना तिनं जोडीनं बसवलं, बोट फिरवून मोजलं. पुन्हा मोजलं. मग धावत माझ्याकडं आली, तोंड पांढरंफटक.

"बाई, कुलूप लावू देऊ नगा! आई कमी हाय!"