लाल शाईतली काठी

जोजोताईंच्या दोन खोल्यांत दुपारी सात पोरं झोपायची. सात पोरं एका वेळी झोपवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. एकाला मांडी लागते, दुसऱ्याला पाठीवर थापट लागते, तिसरी ताईंचं बोट मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही, आणि सातवं कसंबसं निजतंय तोवर पहिलं चुळबूळ सुरू करतं. पंधरा वर्षं हे चाललं होतं. ताईंचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. पोरांच्या आया 'जोजोताई' म्हणायच्या, मग दूधवाला म्हणायला लागला, आणि शेवटी त्यांचा बसवर ड्रायव्हर असलेला नवराही.

ताईंची एक वही होती. संध्याकाळी पोर न्यायला आलेल्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, किती झोपला?" त्यावर तिच्या रात्रीचं सगळं गणित असायचं. म्हणून ताई दारावरच्या घड्याळात बघून रोज टिपून ठेवायच्या. पोरांची नावंही त्यांनी स्वतःच ठेवलेली. 'बटाटा : १.०५ ते २.४०. ढमी : १.२० ते २.००, नंतर नुसती लोळली. साहेब : झोपले नाहीत, इतरांनाही झोपू दिलं नाही.' सगळं निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात.

ताईंच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, एकटे म्हातारे राहायचे. रेल्वेच्या फाटकावर चाळीस वर्षं नोकरी केलेली, म्हणून सगळे त्यांना फाटकवाले म्हणायचे. गुडघे पार गेलेले. खिडकीत खुर्ची, हातात काठी, बस्स. सहा वर्षांपूर्वी एकदा जिन्यापाशी ते ताईंना म्हणाले होते, "बाई, पोर फार रडतंय. बघा जरा."

झालं! ताईंचा पारा चढला. "पोरं रडणारच! तुम्ही काय मोठेच जन्मलात?" असं तोंडावर सुनावून त्या वर निघून आल्या. तेव्हापासून दोघांत अबोला. अहो, अबोला म्हणजे कसला, समोरून आजोबा दिसले तर बाजारात निघालेल्या ताई काहीतरी विसरल्यासारखं करून परत वर यायच्या!

मग शेजारच्या मोकळ्या जागेवर बांधकाम सुरू झालं. वर चार मजले घरं आणि तळमजल्यावर म्हणे फर्निचरचा कारखाना. सकाळची ठोकाठोकी एक वेळ सोडा, पण कंत्राटदाराला ड्रिल चालवायचा मुहूर्त सापडायचा तो नेमका दुपारी एक ते तीनमधला. भिंत थरथरायची, ताटल्या वाजायच्या आणि सातही पोरं एका सुरात भोकाड पसरायची.

त्यात भर म्हणून खालून काठी! ड्रिल सुरू झालं त्याच आठवड्यात फाटकवाल्यांनी त्यांच्या छताला, म्हणजे ताईंच्या फरशीला, काठीनं ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'ड्रिलवाल्याला बोलायची हिंमत नाही, आणि राग काढतात माझ्या लेकरांवर!' त्या दोनदा जोरात पाय आपटून उत्तर द्यायच्या. उद्या म्हाताऱ्यानं पालिकेत पाळणाघराची तक्रार केली तर आपल्याकडेही पुरावा हवा, म्हणून त्यांनी लाल पेन आणलं. 'काठी १.१२.' 'काठी २.२०.' रोजच्या रोज, लाल शाईत.

कारण खरी भीती तीच होती. ताईंच्या पाळणाघराला परवाना नव्हता. पंधरा वर्षांत कुणी विचारला नाही आणि यांनी काढला नाही. हा सगळा भाग निवासी. कुणी बोट दाखवलं तर सात पोरांना उद्यापासून कुठे ठेवायचं?

तर गल्लीनं ड्रिल आणि कारखाना, दोन्हींविरुद्ध तक्रार केली. पुढाकार कोपऱ्यावरच्या शिंप्याचा. त्यानं बासष्ट सह्या जमवल्या, फाटकवाल्यांचीसुद्धा. पालिकेची माणसं आवाज मोजायचं यंत्र घेऊन दोनदा आली, आणि दोन्ही वेळा साइटवर अशी शांतता की मजूर पत्ते खेळत बसलेले. त्यांना आधी कोण कळवायचं कुणास ठाऊक! शेवटी प्रभाग कार्यालयातल्या अधिकारी बाई म्हणाल्या, "सह्यांनी काय होणार? आवाज कोणत्या तारखेला, किती वाजता, किती वेळ, याची रोजची लेखी नोंद आहे का कुणाकडे? पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे, घेऊन या."

"रोजची नोंद ठेवायला कोण रिकामं बसलंय?" शिंपी बाहेर येऊन कपाळाला हात लावून म्हणाला. ताई शेजारीच उभ्या होत्या. घाईघाईनं घराकडे वळल्या.

कारण नोंद होती. आठ महिन्यांची. 'ड्रिल १.१५, सगळी उठली. ड्रिल बंद १.४०. ढमी परत झोपली, बाकीची नाहीत.' तारीखवार, मिनिटामिनिटाची.

"वेड लागलंय का तुला?" नवरा म्हणाला. "वही दिलीस की पाळणाघर उघडं पडलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा?"

"मी कुठे देते म्हटलं?" ताई म्हणाल्या.

पण सोमवारी दुपारी 'हवालदार' त्यांच्या मांडीवर होता. पाच महिन्यांचं पोर, त्याची आई दवाखान्यात नर्स. ड्रिल बंद होतं. स्वयंपाकघरात नुसता चमचा पडला, तर पोरानं झोपेतच दचकून दोन्ही हात हवेत फेकले, बोटं ताठ, तोंड उघडं, आणि रडूसुद्धा येईना. ताईंनी त्याला छातीशी घट्ट धरलं. त्याच्या काळजाची धडधड त्यांच्या हाताला लागत होती.  "नाही रे सोन्या," त्या म्हणाल्या. मंगळवारी पोरं नवऱ्यावर सोपवून त्यांनी वही पिशवीत घातली.

सुनावणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. पहिल्याच खुर्चीवर फाटकवाले! शिंप्यानं त्यांना रिक्षात घालून आणलं होतं. 'आला म्हातारा, आता माझं सगळं बाहेर काढणार,' ताईंच्या मनात आलं. पण पाय मागे घ्यायची वेळ गेली होती. त्यांनी वही टेबलावर ठेवली.

अधिकारी बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला आणि त्या वाचायला लागल्या. "बटाटा, एक दहा ते एक पंधरा. ड्रिल. साहेब रडले." त्या थांबल्या. "हे साहेब कोण?"

"दीड वर्षाचे आहेत," ताई म्हणाल्या. खोलीत हसू पिकलं.

कंत्राटदार मात्र हसला नाही. त्यानं वही मागून घेतली, चाळली, आणि त्याचा चेहरा खुलला. "मॅडम, हे तर पाळणाघर आहे! माझ्या कारखान्याला निवासी भाग आड येतो, मग हे कसं चालतं? परवाना आहे का विचारा."

"आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाळणाघराला निवासी भागात मनाई नाही. पण परवाना लागतो, आणि त्यासाठी खाली राहणाऱ्या शेजाऱ्याची लेखी संमती."

"खालचा शेजारी?" कंत्राटदारानं पानावर बोट आपटलं. "अहो, तो रोज काठी आपटतो! बाईंनी स्वतःच लिहिलंय, लाल शाईत! आठ महिने बिचारा वैतागलाय!"

ताईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जे म्हाताऱ्याविरुद्ध जमवलं, तेच गळ्याशी आलं होतं. फाटकवाले काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत होते.

अधिकारी बाईंनी वही परत ओढून घेतली. एक पान, दुसरं पान. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. "काठी १.१२, ड्रिल १.१५. काठी २.२०, ड्रिल २.२२. काठी १.३१, ड्रिल १.३४." त्यांनी वर बघितलं. "आजोबा, तुमची काठी नेहमी ड्रिलच्या आधीच कशी हो वाजते?"

म्हातारे चांगलेच अवघडले. "आता काय सांगायचं," ते म्हणाले. "मला खिडकीतून तो मशीनवाला दिसतो. आधी वायर सोडतो, मग हातमोजे घालतो, मग तोंडाला फडकं बांधतो. दोन-तीन मिनिटं जातातच. वर लेकरं निजलेली. म्हटलं, बाईंना आधी कळलेलं बरं, खिडकी तरी लावून घेतील. जिना चढवत नाही मला. फाटकावर जन्म गेला, गाडीच्या आधी सांगायचं एवढंच काम येतं."

"मग तोंडानं सांगायचं ना त्यांना!" अधिकारी बाई म्हणाल्या.

"आम्ही बोलत नाही," फाटकवाले गंभीरपणे म्हणाले. "पण त्यांना कळायचं. दोनदा पाय वाजवून सांगायच्या, ऐकलं म्हणून."

पुन्हा हशा झाला. ताईंना मात्र हसू येईना. आठ महिने! आठ महिने हा माणूस खुर्चीत बसून पोरांची राखण करत होता, आणि आपण लाल पेन घेऊन बसलो होतो. त्यांनी तोंडावर रुमाल धरला आणि भर कचेरीत रडल्या.

निकाल तिथेच झाला. दुपारी एक ते तीन ड्रिल बंद, आणि कारखान्याला नकार. संमतीचा कागद फाटकवाल्यांनी तिथल्या तिथे लिहिला आणि खाली सही करून तो ताईंच्या दिशेनं सरकवला.

दुसऱ्या दिवशी पोरं निजल्यावर, घरी असलेल्या नवऱ्याला दारात बसवून, ताई सहा वर्षांत पहिल्यांदा फाटकवाल्यांच्या दारात गेल्या. चहाचा पेला हातात होता. दार उघडंच होतं.

"आजोबा," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "एक सांगायचंय. मी ते पाय वाजवायचे ना, ते कळलं म्हणून नव्हे. रागानं आपटायचे. तुम्ही छळताय असं वाटायचं मला."

"माहीत आहे की," फाटकवाले म्हणाले.

"माहीत होतं?"

"राग काय लपतो का हो! छताची माती पडायची माझ्या डोक्यावर." म्हाताऱ्यानं चहा घेतला. "पण बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच कुणीतरी उत्तर द्यायचं मला. आता ड्रिल बंद झालं. चांगलं झालं. लेकरं झोपतील."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली होती. ताईंनी त्या काठीकडे बघितलं.

"काय चांगलं झालं?" त्या एकदम खेकसल्या. "एक ते तीन शांतता, म्हणजे ही कार्टी पाच वाजेपर्यंत घोरतील! मग त्यांच्या आया रात्रभर जागतील आणि शिव्या मला देतील! तुमचं ते घड्याळ बरोबर चालतं का?"

"रेल्वेचं आहे," आजोबा जरा दुखावल्यासारखे म्हणाले.

"मग रोज तीनला वाजवायचं. बरोबर तीनला. एकदाही चुकलात तर बघा."

म्हाताऱ्यानं नुसती मान हलवली आणि हात लांब करून काठी परत मांडीवर घेतली.

वर सातही पोरं गाढ झोपलेलीच होती. तीन वाजले आणि फरशीखालून आवाज आला, हलकेच. टक, टक, टक. बटाट्यानं कूस बदलली, ढमीनं डोळे उघडले. ताईंनी हवालदाराकडे बघितलं.  पोरानं हात हवेत फेकले नाहीत. डोळे चोळले, आणि आवाज कुठून येतोय ते शोधत फरशीकडे बघत राहिलं.

ताईंनी दोनदा पाय वाजवला, चप्पल काढून. मग वही उघडली, लाल पेन बाजूला ठेवलं आणि निळ्या शाईत लिहिलं : '३.०० काठी. हवालदार हसत उठला.'